घरगुती सामूमापक आणि ऋण व्होल्टेजचा स्थिर पुरवठा

रायपूर परिसरातील शेतकरी जमिनीला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा चार नावांनी ओळखतो. माळावरची मुरमाड भाटा आम्लधर्मी, तर सखल भागातील काळी कन्हार सामान्यतः उदासीन ते विम्लधर्मी असते. गोंदिया-भंडाऱ्याकडील वाचकांनाही कन्हार हे नाव परके नाही. एकाच गावाच्या शिवारात सामू साडेपाचापासून आठापर्यंत बदलू शकतो, आणि प्रत्येक बांधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणे दर वेळी शक्य होत नाही. त्यामुळे सुटा इलेक्ट्रोड आणून सामूमापक घरीच जुळवावा, असा विचार प्रयोगशील शेतकऱ्यांच्या आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या त्यांच्या मुलांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ही जुळणी बहुधा एकाच ठिकाणी अडते: ऋण व्होल्टेजपाशी.

काचेचा इलेक्ट्रोड सामू ७ च्या द्रावणात जवळजवळ शून्य व्होल्टेज देतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास सामूच्या प्रत्येक एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. आम्ल बाजूस धन, विम्ल बाजूस ऋण. म्हणजे साडेपाच सामूची भाटा सुमारे अधिक ८९ मिलिव्होल्ट देईल आणि ८ सामूची कन्हार उणे ५९. आता विवर्धक, म्हणजे ऑप-अँप, केवळ एका ९ व्होल्टच्या विद्युतघटावर चालवला, तर त्याचे उत्पादन शून्याखाली जाऊच शकत नाही. परिणामी कन्हारीचा प्रत्येक नमुना ७ च्या आसपास अडकून राहतो. यंत्र बंदच पडले असते तर शेतकऱ्याने माती प्रयोगशाळेत दिली असती. ते ७ दाखवते, म्हणून कोणास शंकाही येत नाही. विम्ल जमिनीत जस्ताची उपलब्धता घटते आणि भातावर खैरा दिसतो, पण हाती असलेला आकडा मात्र जमीन उदासीन असल्याचे सांगतो.

अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये विवर्धकयुक्त सामूमापक तयार केला, तोही लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. हे यंत्र मुळात फळबागायतदारांच्या गरजेतून आले, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

ऋण व्होल्टेज मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन विद्युतघट जोडून मधला बिंदू शून्य मानणे. तो वाईट नाही. मात्र दोन्ही घट सारखे उतरत नाहीत, आणि शेतावर दोन घट सांभाळणे कंटाळवाणे होते. दुसरा मार्ग आयसीएल ७६६० या आठ पायांच्या आयसीचा. तिचे तत्त्व साधे आहे. एक कपॅसिटर आधी घटावर भरला जातो. मग आतील स्विच त्याचे धन टोक शून्य पातळीस आणून ठेवतात, की ऋण टोक आपोआप शून्याखाली जाते. हा भार दुसऱ्या कपॅसिटरमध्ये ओतला जातो आणि हीच क्रिया सेकंदाला हजारो वेळा होत राहते. पहिला कपॅसिटर २ आणि ४ क्रमांकाच्या पायांमध्ये, धन टोक २ कडे. दुसरा ५ क्रमांकाचा पाय आणि शून्य यांमध्ये. या दुसऱ्याचे धन टोक शून्याकडे येते. नवशिक्याचा हात सवयीने ते उलट लावतो आणि कपॅसिटर फुगतो. ६ क्रमांकाचा पाय साडेतीन व्होल्टवरील पुरवठ्यात मोकळाच ठेवावा.

ही आयसी ऋण व्होल्टेज देते, पण ते स्थिर नसते. तिचा अंतर्गत रोध सुमारे ५५ ओहम असल्याने ८ मिलिअँपिअर घेतले की सुमारे अर्धा व्होल्ट कमी होतो. घट उतरला की आणखी. शिवाय १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर त्याच प्रवाहास सुमारे ८० मिलिव्होल्टची लहर उमटते, जी सामूच्या एका एककाहून मोठी आहे. १०० मायक्रोफॅरड लावल्यास ती एकदशांशावर येते.

संथ चढउताराची ऑप-अँपला स्वतःला फारशी बाधा होत नाही. चांगला ऑप-अँप तो जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो. खरा धोका शून्य जुळवणीच्या पोटेन्शिओमीटरला असतो. त्याचे एक टोक थेट ऋण पुरवठ्यावर असेल, तर तेथील प्रत्येक हालचाल वाचनात उतरते. म्हणून ७६६० नंतर ७९एल०५ हा ऋण नियामक लावून उणे ५ व्होल्ट घ्यावेत आणि धन बाजूस ७८एल०५ ठेवावा. दोघांच्या पायांचा क्रम वेगळा आहे, हे डाग देण्यापूर्वी पाहावे. घट ७ व्होल्टच्या खाली गेला की ही स्थिरता संपते. तेव्हा तो बदलावा.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरण्याचा मोह टाळावा. साध्या ७६६० ची मर्यादा सुमारे १० व्होल्ट आहे, आणि पूर्ण भारित बॅटरी १३ च्याही वर असते. वापरायचीच असेल तर आधी ७८०९ लावून ९ व्होल्टवर आणावी.

ऋण पुरवठ्याशिवायही काम भागते: इलेक्ट्रोडचे संदर्भ टोक अडीच व्होल्टवर उचलून ठेवायचे, म्हणजे सर्व वाचने धन राहतात. सुट्या यंत्रासाठी हीच रीत अधिक सुटसुटीत आहे, असे आमचे मत आहे. परंतु त्याच भांड्यात विद्युत वाहकतेचा किंवा ओलाव्याचा संवेदक बुडवला आणि त्याचे शून्य सामाईक असले, तर ओल्या मातीतून गळती होऊन वाचन भरकटते. अनेक संवेदकांच्या जुळणीत ऋण पुरवठाच बरा.

इलेक्ट्रोड जोडण्यापूर्वी प्रवेशाची दोन टोके तारेने जोडून वाचन ७ येते का पाहावे, आणि मल्टिमीटरने उणे ५ व्होल्ट तपासावेत. मग ७, ४ आणि शेवटी ९.२ सामूचे प्रमाण द्रावण घ्यावे. ९.२ मध्ये २५ अंशांस सुमारे उणे १३० मिलिव्होल्ट मिळाले पाहिजेत. बहुतेक जण ४ आणि ७ वरच थांबतात, आणि त्या दोन द्रावणांत ऋण पुरवठा नसलेले यंत्रही अचूक ठरते. रायपूरच्या उन्हाळ्यात द्रावण ४५ अंशांपर्यंत तापले असेल तर एककामागे ५९ ऐवजी ६३ मिलिव्होल्ट धरावेत, किंवा मातीचे एकास अडीच प्रमाणातील पाणी-मिश्रण सावलीत ठेवून मगच मोजावे.