प्रतिध्वनीचे गणित आणि भिलाईचा रूळ

सुपेला (भिलाई) : छत्तीसगडमधील भिलाई शहरातील सुपेला ही वस्ती ग्रेट ईस्टर्न रोडच्या काठी वसली आहे. जवळूनच मुंबई-हावडा लोहमार्ग जातो आणि लोहमार्गापलीकडे भारतीय रेल्वेला अनेक दशके रूळ पुरवणारा भिलाई पोलाद प्रकल्प उभा आहे. रुळाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारी भेग आहे किंवा नाही, हे ज्या सूत्राने समजते, ते सूत्र नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनीच्या पाठात शिकवले जाते.

सूत्र कसे बनते?

एखाद्या पृष्ठभागावर आदळून परतलेला ध्वनी म्हणजे प्रतिध्वनी. मूळ ध्वनी आणि प्रतिध्वनी वेगवेगळे ऐकू येण्यासाठी मानवी कानाला दोहोंमध्ये किमान 0.1 सेकंदाचे अंतर लागते. म्हणून परावर्तक भिंत किमान 17 मीटर दूर असावी लागते. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, हे सर्वपरिचित आहे. मात्र प्रतिध्वनीच्या वेळेत ध्वनीने जाण्याचा आणि येण्याचा असे दोन प्रवास केलेले असतात. त्यामुळे सूत्र असे होते : अंतर = (वेग × वेळ) ÷ 2.

यातील वेग कायम एकच नसतो. हवेत 0 अंश सेल्सियस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 331 मीटर असतो आणि दर अंशामागे तो साधारण 0.6 मीटरने वाढतो. टाळीचा प्रतिध्वनी बरोबर 2 सेकंदांनी आला, तर 12 अंश तापमानाच्या थंड सकाळी भिंत सुमारे 338 मीटरवर असल्याचे निघते. 45 अंशांच्या उन्हाळी दुपारी तेच उत्तर 358 मीटर येते. वेळ तीच असूनही उत्तरात 20 मीटरचा फरक पडतो.

प्रतिध्वनीवरून वेग

अंतर ठाऊक असल्यास सूत्र उलटे फिरवून वेग काढता येतो. भिंत 85 मीटरवर असून प्रतिध्वनी 0.5 सेकंदाने आला, तर ध्वनीने 170 मीटर अंतर अर्ध्या सेकंदात कापले. म्हणजेच त्याचा वेग सेकंदाला 340 मीटर आहे.

धावत्या गाडीचा वेगही असाच मिळतो. समजा, डोंगराच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने 900 मीटरवरून शिटी दिली आणि चालकाला 5 सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू आला. ध्वनीने या वेळेत 340 × 5, म्हणजे 1700 मीटर प्रवास केला. गाडी स्थिर असती, तर त्याला 1800 मीटर जावे लागले असते. उरलेले 100 मीटर गाडीने स्वतः पुढे येऊन कापले. म्हणून गाडीचा वेग सेकंदाला 20 मीटर, अर्थात ताशी 72 किलोमीटर ठरतो.

पोलादाच्या आत

रुळाच्या तपासणीत कानाला ऐकू न येणारा, म्हणजे श्राव्यातीत ध्वनी वापरतात. त्याची वारंवारता साधारण 20 लक्ष ते 40 लक्ष हर्ट्‌झ असते. विजेचा स्पंद मिळताच थरथरणारा स्फटिक हा ध्वनी रुळात सोडतो आणि परतलेला ध्वनी पुन्हा विजेच्या संकेतात बदलला जातो. स्फटिक आणि रूळ यांमध्ये हवा राहिल्यास जवळजवळ सर्व ध्वनी तेथूनच मागे फिरतो; म्हणून मध्ये पाण्याचा पातळ थर ठेवतात. धातूच्या आतील दोष अशा प्रतिध्वनीने शोधणाऱ्या उपकरणाचे पेटंट अमेरिकेतील फ्लॉइड फायरस्टोन यांना 1942 मध्ये मिळाले होते.

पोलादात अनुतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे 5900 मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या सतरा पटींहून अधिक असतो. साठ किलो वर्गाच्या रुळाची उंची 172 मिलिमीटर असते. वरून सोडलेला ध्वनी तळापर्यंत जाऊन सुमारे 58 मायक्रोसेकंदांत परततो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षावा भाग. निर्दोष रुळात तळाचा हा प्रतिध्वनी ठरल्या वेळी येतो. त्याआधी, समजा 20 मायक्रोसेकंदांनीच, दुसरा प्रतिध्वनी आला, तर 5900 × 0.00002 ÷ 2 या हिशेबाने दोष वरच्या पृष्ठभागापासून 59 मिलिमीटर खोल असल्याचे कळते. येथे दोनने भागण्यास विसरल्यास तोच दोष 118 मिलिमीटरवर दिसेल. म्हणूनच मोजणीपूर्वी ठाऊक जाडीच्या पोलादी ठोकळ्यावर उपकरण जुळवून घेतले जाते.

एवढी काळजी कशासाठी?

द्रव पोलादात विरघळलेला हायड्रोजन थंड होताना आत अडकला, तर सूक्ष्म भेगा निर्माण होतात. त्यामुळे पोलाद निर्वातात नेऊन हा वायू काढला जातो. मात्र भेगा केवळ कारखान्यातच पडत नाहीत; गाड्यांच्या सततच्या भाराने चांगल्या रुळातही त्या उद्भवतात आणि वाढत जातात. पंजाबमध्ये खन्ना येथे 26 नोव्हेंबर 1998 रोजी रूळ तुटून फ्रंटियर गोल्डन टेम्पल मेलचे डबे घसरले आणि त्यांवर जम्मू तावी-सियालदह एक्सप्रेस आदळली. या अपघातात दोनशेहून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. त्यामुळे कारखान्यात तपासलेला रूळ मार्गावर टाकल्यानंतरही रेल्वेचे कर्मचारी ठरावीक कालावधीने तपासणीची ढकलगाडी चालवून त्याची परीक्षा घेतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सरळ खाली जाणाऱ्या ध्वनीला आडवी भेग चटकन सापडते. पण ध्वनीच्या मार्गाला समांतर असलेली उभी भेग त्याला फारसे परावर्तित करत नाही. तिच्यासाठी 70 अंशांच्या कोनात ध्वनी सोडणारे शोधक वापरतात. तेथे मुख्यतः अवतरंग वापरले जातात आणि पोलादात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे 3230 मीटर असतो. हिशेबात 5900 ऐवजी हा आकडा घ्यावा लागतो. सूत्र मात्र तेच राहते.