लॉकडाऊन सगळ्यांना सारखा होता, मग मदत सारखी का नाही पोचली?

किकवी (ता. भोर) : एप्रिल 2020 मधली गोष्ट. टोमॅटो तोडणीला आलेला, पुण्याचं गुलटेकडी मार्केट यार्ड बंद, आठवडे बाजार बंद आणि हायवेला गाडी मिळेना. माल बांधावर ओतायची वेळ आली. नेमक्या त्याच दिवसांत मोबाईल वाजला. पीएम किसानचे 2000 रुपये जमा.

माझ्या शेजारच्या रानात एक वाटेकरी आहे. बौद्ध वस्तीतला. त्याचाही टोमॅटो सडला, माझ्यापेक्षा जास्तच. त्याच्या मोबाईलवर मात्र काही आलं नाही. "तुमचं बरंय, तुमचा कागद बोलतो," एवढंच तो म्हणाला.

हे जातीवर आणलं की गावात लोक जरा अवघडतात, मलाही अवघडल्यासारखं होतं. पण खरं ते सांगायला पाहिजे. कुठल्याही जीआरमध्ये अमक्या जातीला पैसे देऊ नका असं लिहिलेलं नव्हतं. तसं लिहायची गरजच पडली नाही. शेतकऱ्याची जवळपास सगळी मदत सातबाऱ्यावर चालते आणि सातबारा कुणाकडे आहे, हे फार आधीच ठरून गेलंय.

आकडे बघा. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातली सरासरी वहिवाट 1.08 हेक्टर निघाली, म्हणजे पावणेतीन एकराच्या आत-बाहेर. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांची सरासरी 0.78 हेक्टर, दोन एकरही पुरे नाहीत. लोकसंख्येत हा समाज शेकडा 16 च्या वर, वहिवाटदारांत शेकडा 12 च्या आसपास आणि जमिनीत शेकडा 9 च्याही खाली. ज्यांच्याकडे गुंठाभरही नाही, ते तर या मोजणीतच नाहीत. आदिवासींची सरासरी 1.4 हेक्टर दिसते, पण त्यावर जाऊ नका. आपल्या वेल्ह्याच्या (आताचा राजगड तालुका) डोंगरउताराला नाचणी-वरईचं एक एकर आणि नीरेकाठचं उसाचं एक एकर, दोन्ही कागदावर एकच एकर असतात.

आता ही जमीन अशी वाटली गेली कशी? गावकीची कामं करण्याच्या बदल्यात महार समाजाला वतनाची जमीन असायची. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं गेली, जमीन वहिवाटदारांना परत मिळाली, पण नवीन शर्तीवर. विकायची, हस्तांतर करायची तर कलेक्टरची परवानगी. त्यात एका गटावर अख्ख्या भावकीची नावं. वाट्याला येतात पाच-सात गुंठे. अशा उताऱ्यावर पीककर्ज मागायला गेलं तर साहेब आधी शर्त वाचतो, मग नावं मोजतो आणि मग उतारा परत देतो. माझ्या ओळखीच्या एकाला तीन हेलपाट्यांनंतर असाच परत दिला.

मग पोटासाठी दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचं. इथं कुळकायद्याची गंमत आहे, गंमत म्हणायची म्हणून. 1948 चा कायदा, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारा मालक झाला. ज्यांची कूळ म्हणून नोंद होती त्यांचं भलं झालं. पण त्यानंतर मालकांनी धसका घेतला की लिहून दिलं तर कूळ लागेल. म्हणून आजही वाटा तोंडी ठरतो. कसणारा एक, सातबाऱ्यावर दुसरा. नुकसानीचा पंचनामा झाला तरी पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला. मालक दिलदार असेल तर अर्धे देतो.

महामारीत हेच सगळं एकदम उघडं पडलं. पीएम किसानला 1 फेब्रुवारी 2019 पर्यंत जमीन नावावर पाहिजे होती. महात्मा फुले कर्जमाफी 2 लाखांपर्यंत होती, तिचे पैसे 2020 मध्येच आले, पण ज्याला बँकेनं किंवा सोसायटीनं कर्जच दिलं नव्हतं त्याचं माफ काय होणार? त्याचं कर्ज सावकाराचं, नाहीतर बायकोच्या नावावरच्या गटाचं. ते फेडावंच लागलं. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, ते वेगळंच.

धरणांच्या कडेला राहणाऱ्या कातकरी वस्त्यांचं तर विचारू नका. राज्यात केंद्रानं अतिमागास धरलेल्या तीन जमाती आहेत, त्यातली एक कातकरी. मासे-खेकडे विकायचे तर बाजार बंद, वीटभट्टीवर जायचं तर भट्टी बंद. सरकारनं आदिवासींसाठी खावटी अनुदान जाहीर केलं, कुटुंबाला 4000 रुपये, निम्मे खात्यावर आणि निम्म्याचं धान्य-सामान. निर्णय 2020 च्या पावसाळ्यात झाला, सामान बऱ्याच ठिकाणी 2021 मध्ये मिळालं. पहिला लॉकडाऊन तोवर केव्हाच उठला होता.

त्यातल्या त्यात चाललं ते रेशन. माणशी 5 किलो मोफत. का चाललं? त्याला सातबारा लागत नव्हता. पण कार्ड लागत होतं, आणि ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्यांच्या चुलीचं कुणी लिहून ठेवलं नाही. रोजगार हमीचंही तसंच, 238 रुपये रोज, जॉबकार्ड असेल तर.

हे काही आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत 1920 च्या सुमारास नऊ लाखांवर काळे शेतकरी होते, आता ते शेकडा दोनही राहिले नाहीत. कर्ज नाकारलं, जमिनी गेल्या. 1999 मध्ये त्यांनी तिथल्या कृषी खात्याविरुद्धच्या खटल्यात तडजोड मिळवली. मार्च 2021 मध्ये काळ्या आणि इतर वंचित शेतकऱ्यांची कर्जं फेडण्यासाठी 4 अब्ज डॉलरच्या आसपास तरतूद झाली. गोरे शेतकरी कोर्टात गेले, स्थगिती आली आणि 2022 मध्ये ती तरतूदच रद्द झाली. तिथं निदान रंगानुसार किती पैसे कुणाला गेले, याचा हिशेब मांडता येतो.

हे आत्ता लिहायचं कारण असं की यादी पुन्हा नव्यानं तयार होतीय. 2023 पासून नमो शेतकरीचे वर्षाला 6000 पीएम किसानच्याच यादीवर मिळतात. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात शेती योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तोही जमिनीच्या नोंदीवरच निघतो. उद्या असं संकट परत आलं तर पैसे याच यादीवरून जाणार.

म्हणून ज्यांच्या उताऱ्यावर अजून आजोबा-पणजोबाचं नाव आहे, त्यांनी वारसनोंद करून घ्या. तलाठ्याकडं अर्ज देता येतो, ई-हक्कवरून ऑनलाईनही होतो. खातेदार वारल्यामुळं नाव लागलं असेल तर 2019 ची ती अट आड येत नाही. वारसात बहिणींची आणि आईची नावं गाळू नका, ती कायद्यानंच लागतात. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींनी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडं दावा करावा. पट्टा मिळाला की पीएम किसानलाही तो चालतो. भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबांसाठी दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजना आहे, 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत. जमीन विकत मिळाली तर. आपल्या हायवेच्या भावात कुणी सरकारला जमीन देईल का, हे वाचणाऱ्यांनीच सांगावं. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात.

वाटेकऱ्यासाठी मात्र दार अरुंदच आहे. पीक विम्यात भाडेपट्ट्यानं कसणाऱ्याला भाग घेता येतो, पण नोंदणी केलेला करार लागतो. मी शेजारच्या रानाच्या मालकाला विचारलं, देता का लिहून? तो हसला आणि म्हणाला, "आमच्या आजोबानं एकदा लिहून दिलं होतं." वाटेकरी तिथंच उभा होता. त्यानं यंदाही टोमॅटोच लावलाय.