अर्धा हात

ताईंच्या मांडीवरच्या कागदावर वर्गाचा नकाशा आहे. बाकांच्या जागी चौकटी, चौकटीत नाव नाही, फक्त अ१, अ२, ब१. टीचरने प्रश्न ज्याला विचारला त्याच्या चौकटीत पेन्सिलीची एक रेघ. हात वर होता की नव्हता, याची एक खूण. प्रश्न विचारून झाल्यावर टीचर किती थांबल्या, ते डाव्या मुठीतल्या स्टॉपवॉचवर बघून. आणि उत्तरानंतर शाबासकी मिळाली, चूक सुधारून दिली की प्रश्न पुढच्या बाकावर गेला, याचं एक अक्षर. शेवटच्या बाकावर गुडघे आवळून बसलेल्या, एका अभ्यासासाठी निरीक्षक म्हणून आलेल्या ताई हे सगळं तासभर करत असतात आणि वर्गातल्या मुलांना वाटतं, इन्स्पेक्शन आलंय.

पुण्यातली इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा, इयत्ता पाचवी. वर्गातली काही मुलं ‘आरटीईची’. म्हणजे 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार राखीव ठेवलेल्या 25 टक्के जागांवर, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला जोडून, ऑनलाइन लॉटरीत नंबर लागून आलेली. ही जागा मिळवण्यासाठी पालक काय काय करतात ते पुणेकरांना सांगायला नको. फेब्रुवारी 2024मध्ये राज्य सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला. मूल दारातून आत येणार की नाही, यावर एवढी कोर्टबाजी झाली. आत आल्यावर त्याचं काय होतं? कायद्याच्या आठव्या कलमात ‘भेदभाव होऊ नये’ असं लिहिलं आहे, पण तो होतोय हे दाखवायचं कसं, ते कुठल्याच कलमात नाही. ते काम ताईंच्या पेन्सिलीकडे आलं आहे.

मी या वर्गात गेले ती एका जुन्या प्रयोगामुळे. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या शिक्षकांना मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. पहिल्या पानावर वय, मुलगा की मुलगी आणि जात लिहिलेली, पण ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही वाटलेली. उत्तरपत्रिकेचा दर्जा आणि वरची जात यांचा काही संबंधच नाही. 2012मध्ये त्यांचा निबंध छापून आला. खालची जात लिहिलेल्या पेपरांना गुण थोडे कमी पडले होते. फरक लहान होता, पण होता. मला खटकलं ते पुढचं: ही काटछाट उच्चवर्णीय शिक्षकांनी नव्हे, मुख्यतः खालच्या जातींतून आलेल्या शिक्षकांनीच केली होती. ‘ते लोक’ भेदभाव करतात, हे आपलं सोयीचं गणित तिथे बसत नाही. कागदावर हे होत असेल, तर समोर मूल उभं असताना काय होत असेल, ते बघायचं म्हणून मी ताईंच्या शेजारी जाऊन बसले.

“एक सेकंद,” या अभ्यासाचं काम बघणारी संशोधक मुलगी मला जिन्यातच म्हणाली. मला वाटलं, थांबायला सांगते आहे. ती मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंबद्दल बोलत होती. 1970च्या दशकात रोबाईंनी शेकडो तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती थांबतात? एक सेकंद. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी जास्त, ‘ढ’ समजल्या जाणाऱ्यांसाठी त्याहून कमी. तेच तीन सेकंद थांबलं, की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी होतात. बी.एड. केलेल्यांना फ्लँडर्स आठवेल, दर तीन सेकंदांनी वर्गातल्या बोलण्याची नोंद करायला लावणारा. आपण ते पाठ करून परीक्षेत लिहितो आणि वर्गात गेल्यावर विसरतो.

पद्धतीतला कळीचा भाग असा, की कोणतं मूल आरटीईचं हे ताईंना सांगत नाहीत. चौकट आणि मूल यांची यादी ऑफिसात कुलुपात असते, जुळवाजुळव नंतर होते. वर्गात दोन निरीक्षक दोन कोपऱ्यांत बसतात, एकमेकींचा कागद बघायचा नाही. सुरुवातीचे तास भरून घेतात आणि टाकून देतात, कारण कुणीतरी बघतंय म्हटल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येक शिक्षक आदर्श असतो.

पण ताईंना खरंच कळत नाही का?

“मॅडम, दहा मिनिटांत कळतं,” त्या म्हणाल्या. “बूट बघायचे. डबा बघायचा. सहलीचं पत्रक वाटलं की कोण ते घडी घालून लगेच दप्तरात कोंबतं, ते बघायचं.” ताई स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलेल्या, कागदपत्रं जमवून पुढे पदवी घेतलेल्या. कळतं म्हणूनच जपून लिहावं लागतं, असंही त्यांनीच सांगितलं. आपल्या वस्तीतलं पोर दिसलं की पेन्सिल आपोआप त्याच्या बाजूने झुकते, नाहीतर उलटी, उगाच कडक होते. दुसरा कोपरा आणि दुसरा कागद असतो तो यासाठी. संशोधनाच्या तटस्थपणावर मी पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं कुठलंच ताईंच्या या दोन वाक्यांइतकं पटलं नव्हतं.

विज्ञानाचा तास. पाण्याच्या अवस्था. टीचर चांगल्या शिकवतात, फळ्यावरचं चित्र नेटकं, आवाज सकाळपासून बोलून बसलेला. पुढच्या दोन रांगांत हात सटासट वर जातात. ड२ मध्ये एक मुलगी आहे. उकळलेलं पाणी कुठे जातं, असा प्रश्न आला आणि तिचा हात उठला, कोपर बाकावर टेकलेलंच, बोटं कानाच्या उंचीला, हात वर केलाय की केसांची बट सारतेय हे तिचं तिलाही ठरवता येऊ नये इतका. टीचरने तिला बघितलं, नावाने हाक मारली. ती उभी राहिली, ओठ हलले. उत्तर तिला येत होतं असं मला वाटतं, ते इंग्रजी वाक्यात बसवायला थोडा वेळ हवा होता. एक सेकंद. “येस, समबडी एल्स?” आणि प्रश्न अ३कडे. अ३ उत्तर देऊन बसलासुद्धा, तेव्हा ड२ अजून उभीच होती.

तास सुटल्यावर शाळेबाहेरच्या टपरीवर दोघी निरीक्षकांनी चहा घेतला आणि तिथे जुंपली. हात वर होता की नव्हता? सूचनापत्रकात लिहिलं आहे, कोपर खांद्याच्या वर गेलं तरच हात. ताईंनी खूण केली होती, दुसरीने नव्हती. “अर्ध्या हाताला रकानाच नाही,” दुसरी म्हणाली, आणि नियमाने तिचंच बरोबर होतं. “तिच्यासाठी तो पूर्णच होता गं,” ताई म्हणाल्या. कागद नंतर बदलायचा नाही, हाही नियम. दोन कागद तसेच गेले. दोघींच्या नोंदी किती जुळल्या याचं गणित ऑफिसात होतं, त्यात हा अर्धा हात ‘न जुळलेला’ म्हणून पडेल. मला राहून राहून वाटतं, त्या तासातली सगळ्यात मोलाची नोंद तीच होती.

टीचरशी बोलले. त्यांना खलनायिका करणं सोपं आहे, पण खोटं ठरेल. “तिला मी मुद्दामच कमी विचारते,” त्या म्हणाल्या. “चुकलं तर रडवेली होते, मुलं हसतात. आज विचारलं, तर बघितलंत ना? घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही. उगाच छळ कशाला?” त्यात काळजी खरी होती. आणि ड२ला वर्षभर प्रश्नच न विचारण्याची तजवीजही त्या काळजीनेच केली होती. हिडीसफिडीस करणारा भेदभाव ओळखू येतो, त्याची तक्रार करता येते. मायेने केलेल्याची कुठे करणार?

मुख्याध्यापकांचं म्हणणं वेगळं. एका आरटीई मुलामागे सरकार वर्षाला 17,670 रुपये देणार, तेही थकतात. वर तुम्ही सेकंद मोजायला येता. थकबाकीची तक्रार रास्त आहे. पण सेकंद थांबायला पैसे लागत नाहीत.

या मुलांमुळे इतरांचं नुकसान होतं, अशी कुजबुज पालकसभेत असते. त्यावर दिल्लीच्या खासगी शाळांमध्ये गौतम राव यांनी केलेलं काम वाचण्यासारखं आहे, 2019मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही शाळांत मुलांचे गट नावाच्या आद्याक्षरांनुसार पाडले जात, त्यामुळे गरीब मूल कुणाच्या गटात येईल हे निव्वळ योगायोगावर होतं. रावांनी सधन मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला लावलं: जोरात धावणारं गरीब मूल, की हळू धावणारं आपल्यातलं? गरीब मुलांसोबत शिकलेल्यांनी भेदभाव कमी केला. ती मुलं अधिक उदार वागताना दिसली. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट आणि तोंडी शिव्या थोड्या जास्त, हेही त्यांनी लपवलं नाही. कुठल्याही पालकाने हा सौदा आनंदाने घ्यावा, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. ताईंचे कागद ऑफिसात जातात, एंट्री होते, तक्ते निघतात, अहवाल निधी देणाऱ्यांकडे जातो, परिषदेत वाचला जातो. टीचरला तो कागद दिसत नाही. नाव उघड होऊ नये, कुणाच्या नोकरीवर येऊ नये, ही त्यामागची कारणं मला मान्य आहेत, आणि व्यवस्थापनाच्या हातात तो कागद पडू नये हेही. पण बंद पाकिटात, फक्त टीचरच्या हातात, तिचा स्वतःचा नकाशा द्यायला काय हरकत आहे? रेघांनी भरलेल्या चौकटी कुठल्या आणि कोऱ्या कुठल्या, हे बघायला तिला ना अहवाल लागेल ना व्याख्यान. असे अभ्यास करणाऱ्या संस्थांना माझी एवढीच विनंती आहे: अहवाल छापायच्या आधी, वर्ष संपायच्या आत, तो कागद आधी टीचरला द्या. जूनमध्ये दिलात, तर ड२ सहावीत गेलेली असेल.