आठ जण, चार केबिन आणि एक एक्सेल शीट

प्लॅन ठरला कॅन्टीनमध्ये आणि मोडायला आला रात्री पावणेबाराला, व्हॉट्सअ‍ॅपवर.

आमचा फायनल इयरचा आठ जणांचा ग्रुप. कुणीतरी सेशेल्सचं रील टाकलं. गुळगुळीत राखाडी कातळ, काचेसारखं पाणी आणि मधोमध उभी पांढरी कॅटामरान. ‘डिग्री हातात आली की हेच!’ पाच मिनिटांत आठही अंगठे वर. पुढचे तीन आठवडे ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. मग एका एजंटाचं कोटेशन आलं, ते मी उत्साहानं ग्रुपवर टाकलं आणि त्याच रात्री एकीचा मेसेज आला, ‘तुम्ही जाऊन या, माझ्या घरी जरा प्रॉब्लेम आहे.’ घरी काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम त्या कोटेशनमधल्या आकड्याचा होता आणि तो आठांपैकी एकानंही तोवर तोंडानं उच्चारला नव्हता.

यॉट हॉलिडेचं प्लॅनिंग म्हणजे बेटं निवडणं, असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात ते एकमेकांशी पैशांबद्दल, जेवणाबद्दल आणि भीतीबद्दल मोकळं बोलणं आहे. हॉटेलात भांडण झालं तर दार आपटून बाहेर जाता येतं. बोटीवर बाहेर म्हणजे समुद्र.

‘क्रू’सकट म्हणजे नक्की काय?

बोट भाड्यानं घ्यायच्या साधारण तीन तऱ्हा आहेत. नुसती बोट घ्यायची आणि स्वतः चालवायची, याला बेअरबोट म्हणतात. त्यासाठी कंपन्या शिडाच्या बोटीचा अनुभव बघतात, त्यामुळे आपल्यासारख्यांचा प्रश्नच मिटतो. दुसरी तऱ्हा, सोबत फक्त स्किपर, स्वयंपाक आपला आपण. तिसरी, फुल क्रू. म्हणजे स्किपर आणि स्वयंपाक-व्यवस्था बघणारं किमान एक माणूस. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ही तिसरी तऱ्हा बघावी. वारा, नांगर, खडक यांची काळजी ज्यांना कळतं त्यांच्याकडे राहते.

पंचेचाळीस फुटांच्या आसपासच्या कॅटामरानवर साधारणपणे पाहुण्यांसाठी चार डबल केबिन असतात. म्हणजे आठ जण. गेटवेहून मांडव्याला जाताना आपण जिला कॅटामरान म्हणतो तिचीच ही शिडाची बहीण. दोन होड्या शेजारी जोडल्यासारखा आकार असल्यानं ती एका बाजूला फारशी कलत नाही. शब्दही आपल्याच किनाऱ्यावरचा आहे, तमिळ ‘कट्टुमरम’, म्हणजे बांधलेली लाकडं.

याशिवाय एक चौथी वाट आहे, जी आम्हाला फार उशिरा कळली. केबिन चार्टर. पूर्ण बोट न घेता फक्त आपल्या केबिनचे पैसे भरायचे. रूट ठरलेला, बाकीचे प्रवासी अनोळखी. दोघं-चौघंच असाल तर आधी हीच चौकशी करा.

शंभराचे दीडशे होतात

कोटेशन वाचताना आम्ही केलेली चूक तुम्ही करू नका. आम्ही वरचा आकडा घेतला, आठनं भागला आणि खूश झालो. चार केबिनच्या बोटीचं आठवड्याचं भाडं लाखांत असतं, हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण खाली बारीक अक्षरात ‘प्लस एक्स्पेन्सेस’ लिहिलं होतं.

अशा चार्टरमध्ये बोट आणि क्रू यांचं भाडं वेगळं आणि खाणंपिणं, इंधन, धक्क्याची फी यांचा खर्च वेगळा. त्यासाठी आगाऊ रक्कम घेतात, तिला एपीए म्हणतात. ती साधारणपणे भाड्याच्या 25 ते 35 टक्के असते. स्किपर तिचा हिशोब ठेवतो, उरले तर परत मिळतात, कमी पडले तर भरावे लागतात. वर शेवटच्या दिवशी क्रूची टिप, बहुतेक ठिकाणी 10 ते 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे भाडं शंभर रुपये धरलं तर खिशातून जातात एकशे पस्तीस ते दीडशे. विमानाचं तिकीट, इन्शुरन्स आणि आदल्या रात्रीचं हॉटेल यांचा खर्च अजून निराळाच. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ लिहिलेलं असेल तरी विचारा की ड्रिंक्स, मरीन पार्कची फी आणि डायव्हिंग त्यात धरलंय का.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. बोटीचं भाडं माणसं मोजून ठरत नाही. आठातला एक गळला की उरलेल्या प्रत्येकाचा वाटा साडेबारा टक्क्यांवरून चौदाच्या वर जातो. म्हणून अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी दोन गोष्टी लिहून काढा. ऐनवेळी कुणी मागे हटलं तर त्याच्या वाट्याचं काय? आणि त्याच्या जागी नवीन माणूस कोण ठरवणार? मैत्रीत असं लिहिणं ऑकवर्ड वाटतं, मान्य. पण नंतर वर्षभर एकमेकांना टाळण्यापेक्षा ते बरं.

वारा आपल्या सुट्ट्या बघत नाही

आम्ही सेशेल्स का निवडलं? 115 बेटांच्या या देशात जायला भारतीयांना आधी व्हिसा लागत नाही, फक्त ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथरायझेशन घ्यावं लागतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पुरावा दाखवावा लागतो. मुंबईहून थेट विमान मिळालं तर प्रवास साधारण साडेचार तासांचा. याउलट कॅरिबियनमधली ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स यॉटवाल्यांची लाडकी आहेत, पण मायामी किंवा सान हुआनमार्गे जायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, आणि जून ते नोव्हेंबर हा तिथला हरिकेनचा सीझन. सप्टेंबर 2017 मध्ये ‘इर्मा’ वादळानं तिथल्या बंदरांची आणि बोटींची दाणादाण उडवली होती.

सेशेल्सची मुख्य बेटं विषुववृत्ताजवळ असल्यानं सहसा चक्रीवादळांच्या वाटेत येत नाहीत. पण वारा तिथेही आहेच, आणि तो आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून जोरदार व्यापारी वारे वाहतात. हेच वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणात पाऊस घेऊन येतात. म्हणजे ज्या दिवसांत मांडव्याच्या बोटी बंद असतात, त्याच दिवसांत तिकडचा समुद्रही खवळलेला. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा, पाऊसही जास्त. दोन्हींच्या मधले एप्रिल आणि ऑक्टोबर हे शांत महिने. एप्रिल म्हणजे परीक्षा, तो गेला. राहिला ऑक्टोबर आणि दिवाळीची सुट्टी. त्यातही विमान आणि चार्टर यांचे वार जुळतात का ते बघा आणि निदान एक दिवस आधी पोचा. फ्लाइट लेट झाली तर बोट थांबेल, पण तुमच्या दिवसाचं भाडं चालूच राहील.

रूट कसा असतो? सुरुवात माहे या मोठ्या बेटावरून. तिथून प्रालँ साधारण 45 किलोमीटर, शिडावर चारेक तास, आणि हा पट्टा उघड्या समुद्राचा. उलटी होणाऱ्यांनी हे आधी वाचावं. प्रालँवर ‘व्हाले द मे’ हे वर्ल्ड हेरिटेज जंगल आहे. तिथे तो जगातल्या सगळ्यात मोठ्या बीचा जोडनारळ लागतो, ज्याला आपल्याकडे दर्याई नारळ म्हणतात. फकिरांच्या हातातला कश्कुल याच्याच करवंटीचा असायचा. शेजारी ला डीग, जिथे लोक सायकलवरून फिरतात, आणि क्युरियूज, जिथे महाकाय कासवं मोकळी हिंडतात.

शीटमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद

बुकिंग झालं की प्रेफरन्स शीट येते. कोण काय खातं, कशाची अ‍ॅलर्जी, कुणाला पोहता येत नाही, कुणाला कुठलं औषध चालू आहे. ‘आम्ही काहीही खातो’ असं लिहून मोकळं होऊ नका. आमच्या आठांत एक प्युअर व्हेज, एकाला अंडं चालतं पण मासे नाहीत, एकीचा सोमवारचा उपास. समुद्रात चौथ्या दिवशी ‘पनीर नाही का?’ विचारून उपयोग नाही. तिथली क्रिओल करी नारळाच्या दुधातली असते, आपल्या जिभेला जवळची. पण व्हेज म्हणजे काय, हे नीट फोड करून लिहा.

पोहता येत नाही हे लाजून लपवू नका. बोट लागते हेही. सामान मऊ डफल बॅगेत न्या, कारण कडक सूटकेस ठेवायला केबिनमध्ये जागाच नसते. गोडं पाणी मोजकं असतं, दोन मिनिटांत अंघोळ शिका. टॉयलेटमध्ये कागदसुद्धा टाकू नका, तुंबलं तर ते उपसणारा क्रूचाच माणूस असतो.

आणि क्रूविषयी एक. ते आपले नोकर नाहीत. आपण झोपल्यावरही नांगर सरकला तर उठणारा स्किपरच. हवा बघून तो ‘आज त्या बेटावर नाही’ म्हणाला तर नाही. कितीही पैसे भरलेले असोत, सुरक्षेबाबत शेवटचा शब्द त्याचा असतो आणि करारातही तसंच लिहिलेलं असतं. नांगर कोरलवर टाकायला सांगू नका. 1998 च्या तापलेल्या समुद्रात तिथलं बहुतांश कोरल पांढरं पडून मेलं होतं, अजून ते सावरतंय.

पहिला कॉलम

त्या रात्री पावणेबाराच्या मेसेजवर कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये आम्ही चिठ्ठ्या केल्या. नाव न लिहिता प्रत्येकानं एकच आकडा लिहायचा, मी जास्तीत जास्त किती देऊ शकतो. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा कळलं की कोटेशन परवडत नव्हतं अशी ती एकटी नव्हती. आठांतले पाच जण होते. बाकीचे चौघं नुसते अंगठे दाखवत बसले होते.

मग सगळ्यात लहान आकडा शीटच्या पहिल्या कॉलममध्ये टाकला आणि तिथून उलटं मोजलं. उत्तर आलं, नोकरी लागल्यावर दर महिन्याला ठरावीक रक्कम आणि दोन वर्षांनंतरचा ऑक्टोबर. रीलसारखं झटपट नाही, पण आठ जणांचं. शीट आता तीच सांभाळते, घरी प्रॉब्लेम असलेली.

सेशेल्सला अजून दोन दिवाळ्या आहेत. तोवर कुणाला बोट लागते हे तरी बघून घेऊ म्हटलं. येत्या रविवारची मांडव्याची आठ तिकिटं काढलीत.