फोटो तिथेच, पत्ता पुसला

मेमरी कार्डावर ३ गिगाबाइटचा व्हिडिओ चढवायला कितीतरी वेळ लागतो. तोच डिलीट करायला मात्र क्षण पुरतो. एवढी माहिती इतक्या झटकन पुसली कशी जाते? खरं तर ती पुसलीच जात नाही.

कार्डावर माहिती साठते ती शून्य आणि एकच्या रूपात. कोणती फाइल कुठून सुरू होते आणि कुठे संपते, याचा हिशेब ठेवते ती फाइल सिस्टिम. पेन ड्राइव्ह आणि लहान कार्डांवर आजही भेटणारी फाइल सिस्टिम म्हणजे 'फॅट', अर्थात फाइल अ‍ॅलोकेशन टेबल. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी १९७७ मध्ये तिची पहिली आवृत्ती लिहिली. १९९६ मध्ये फॅट-३२ आली.

फॅट कार्डाची जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटते. या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात. क्लस्टर ३२ किलोबाइटचा धरला, तर १०० किलोबाइटच्या फोटोला चार क्लस्टर लागतात. चौथ्यात फक्त ४ किलोबाइट भरतात, उरलेली जागा वाया जाते. चारही क्लस्टर सलग मिळतीलच असं नाही. समजा, मिळाले ९, १०, ११ आणि ५७.

हा फोटो शोधायचा कसा? फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलची ३२ बाइटची एक नोंद असते. त्यात नाव, तारीख, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक असतो. इथे तो ९. पुढची वाट फॅटच्या नावातला 'टेबल', म्हणजे तक्ता दाखवतो: ९ च्या घरात १० लिहिलेलं, १० च्या घरात ११, ११ च्या घरात ५७ आणि ५७ च्या घरात शेवटाची खूण. ही साखळी इतकी मोलाची, की तक्त्याच्या सहसा दोन प्रती ठेवतात.

नोंदीत फाइलचा आकार लिहायला ४ बाइट राखलेले आहेत. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणूनच कार्डावर भरपूर जागा असूनही फॅट-३२ वर पूर्ण ४ गिगाबाइटची एक फाइल बसत नाही.

आता डिलीटकडे येऊ. नोंदीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी एक खूण बसते आणि तक्त्यातली चार घरं शून्य होतात, म्हणजेच ती जागा मोकळी जाहीर होते. फोटोला हातही लागत नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर उरलेल्या नोंदीतून ९ हा क्रमांक आणि आकार वाचतं आणि पुढचे क्लस्टर सलग असतील असं गृहीत धरतं. ९, १०, ११ बरोबर निघतात; चौथा मात्र ५७ ऐवजी १२ उचलला जातो. परत मिळालेल्या फोटोचा खालचा भाग कधीकधी विस्कटलेला दिसतो, त्यामागे हेही एक कारण असतं.

म्हणून फोटो चुकून उडाला, तर त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. नवा फोटो नेमका त्याच 'मोकळ्या' जागेत जाऊन बसू शकतो. लॅपटॉपमधल्या एसएसडीवर ही आशा फार कमी, कारण तिथे ट्रिम ही आज्ञा मोकळी झालेली जागा खरोखरच रिकामी करायला सांगते. आणि जुनं कार्ड कुणाला द्यायचं असेल, तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. त्यात तक्ता नव्याने कोरा होतो, घरचे फोटो बहुतांशी तसेच राहतात. आधी सगळं कार्ड दुसऱ्या माहितीने काठोकाठ भरा, मगच ते हातावेगळं करा.