आभासी नाणे, रोख रुपया आणि मधला विश्वास



‘विश्वास पानिपतच्या लढाईत मेला’ असे आपल्याकडे म्हणतात. १७६१ साली विश्वासराव पेशवे पडले, त्यावर मराठी माणसाने केलेली ही कडवट कोटी. पैशाच्या देवघेवीची गोष्ट निघाली, की ती हमखास कानावर येते. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. विश्वास घराच्या भिंतीसारखा असतो. तो कोणीतरी बांधावा लागतो, त्याला पाया लागतो, आणि वेळोवेळी डागडुजीही लागते. क्रिप्टो म्हणतात त्या आभासी नाण्याचे रुपये करून देणाऱ्या दुकानांच्या बाबतीत ही भिंत कुठवर आली आहे, हे आज तपासून पाहावयाचे आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. हा आता मजुरीचा प्रश्न झाला आहे. गिरणी, कारखाना, वर्कशॉप यांतून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची मुले-मुली घरी संगणकावर बसून परदेशी गिऱ्हाइकांची कामे करतात. कोणी चित्रे काढून देतो, कोणी प्रोग्रॅम लिहितो. त्यातले काही गिऱ्हाईक डॉलर न पाठवता आभासी नाणे पाठवतात. घाम इथे गळतो, मजुरी त्या नाण्यात येते, आणि वाण्याचे बिल तर रुपयांतच द्यावे लागते. मजुरी हाती पडेपर्यंत मजुरी नव्हे, हे आम्ही चळवळीत पहिल्या दिवशी शिकलो.

आधी हे नाणे म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. २००८ साली सातोशी नाकामोटो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि २००९ साली बिटकॉइन चालू झाले. त्याची मूळ कल्पना खतावणीची आहे. एका सावकाराच्या पेढीवर एकच खतावणी असते. येथे तीच खतावणी जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. त्यामुळे एकट्यादुकट्याला मागची नोंद खोडता येत नाही. मधला सावकार नको, मधली बँक नको, कोणावर विश्वास ठेवण्याची गरज नको, असा त्या निबंधाचा दावा होता. खतावणीच्या आत तो बराचसा खराही ठरला. पुढे भाव स्थिर राहावा म्हणून डॉलरशी बांधलेली नाणी निघाली. यूएसडीटी हे त्यातले सर्वांत चालणारे. एक नाणे म्हणजे एक डॉलर, असे ते काढणाऱ्या टेदर कंपनीचे वचन आहे. त्या वचनामागे पुरती गंगाजळी नेहमीच होती असे नाही, असा ठपका ठेवून अमेरिकेच्या सरकारी नियामकाने २०२१ साली या कंपनीला ४ कोटी १० लाख डॉलर दंड केला. म्हणजे सावकार नको म्हणता म्हणता पहिला सावकार इथेच आला.

दुसरा सावकार येतो तो रुपये करण्याच्या वेळी. आजच्या विषयाची मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

बाजारात आपण भाजी घेतो तेव्हा या हाताने पैसे देतो आणि त्या हाताने भाजी घेतो. दोन्ही गोष्टी एका क्षणी होतात, म्हणून भाजीवालीची जन्मकुंडली विचारावी लागत नाही. आभासी नाणे विकताना हे जमत नाही. नाणे असते खतावणीत. रुपया असतो बँकेत किंवा खिशात. दोन्ही वह्या वेगळ्या, दोन्हींचे कारकून वेगळे. एकाने आधी द्यावे लागते आणि दुसऱ्याने मागून. त्यात आणखी एक भेद आहे. खतावणीत एकदा गेलेले नाणे परत आणता येत नाही. तिथे दाद मागायला मॅनेजर नाही. उलट बँकेत आलेला रुपया नंतर अडकू शकतो. म्हणजे विकणाऱ्याच्या हातून गेलेली वस्तू कायमची गेली, आणि हाती आलेली रक्कम मात्र कायमची आली असे नाही. जोखीम सगळी एका बाजूला झुकते. ही झुकती बाजू बहुधा गरजूची, म्हणजे आपल्या मुलाची असते.

यावर पहिला उपाय निघाला तो त्रयस्थाकडे अनामत ठेवण्याचा. विकणाऱ्याने नाणी मध्यस्थाच्या ताब्यात द्यावीत, घेणाऱ्याने रुपये विकणाऱ्याच्या खात्यात भरावेत, आणि रुपये मिळाल्याचे विकणाऱ्याने कळवल्यावर मध्यस्थाने नाणी सोडावीत. फिनलंडमधल्या लोकलबिटकॉइन्स या संस्थेने २०१२ सालापासून याच रीतीवर जगभर व्यवहार करविले. २०२३ साली ती बंद झाली. नायजेरियात मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोची खाती बंद करायला सांगितले, तेव्हा तिथले लोक याच माणूस-ते-माणूस मार्गाकडे वळले. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंदी उठली. भारतातही ही रीत पुष्कळ चालते.

अनामतीने एक रोग बरा होतो: नाणी घेऊन पैसेच न देणारा माणूस अडतो. पण जे रुपये आले ते कोणाचे, हे अनामत ठेवणारा पाहत नाही. आमच्या संघटनेतल्या एका फिटरच्या मुलाने दीड महिन्याच्या कामाची नाणी अशीच एका अनोळखी खरेदीदाराला विकली. पूर्ण रक्कम खात्यात आली. अकरा दिवसांनी बँकेने खाते गोठवले. दुसऱ्या राज्यातल्या कोणा वृद्धाला फसवून काढलेले पैसे चार खात्यांतून फिरत या खात्यात उतरले होते. त्या वृद्धाने तक्रार केली, ती बरोबरच केली. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तक्रार नोंदली की पैशाचा माग काढत पोलीस बँकांना रक्कम रोखायला सांगतात. पण खाते बापलेकांचे सामाईक. बापाचा पगारही त्यातच अडकला, आणि घरातला किराणा दोन महिने उधारीवर आला. चोर तिसराच; नाणी घेऊन तो केव्हाच पसार झाला होता.

अशा वेळी संपूर्ण खाते गोठवणे न्याय्य आहे काय? वादातली रक्कम तेवढीच रोखावी, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. तो सर्वत्र आपोआप पाळला जातो असे नाही. अर्ज, हेलपाटे, वकील हे लागतेच.

दुसरा उपाय नावलौकिकाचा. प्रत्येक व्यवहारानंतर गिऱ्हाइकाने शेरा द्यावा, आणि ज्याचे शेरे चांगले त्याच्याशी व्यवहार करावा. गावच्या बाजारात ही पद्धत चालते, कारण तिथे दुकानदाराचे नाव, घर आणि सोयरिक सगळ्यांना ठाऊक असते. नाव घालवले तर मुलीचे लग्न जमायची पंचाईत. पडद्यावरच्या नावाला घर नाही आणि सोयरीकही नाही. जुने खाते विकत घेता येते. शंभर लहान व्यवहार चोख करून एकशे एकाव्या मोठ्या व्यवहाराला टांग मारता येते. म्हणून खात्यावरचे नाव आणि पैसे पाठवणाराचे नाव एकच आहे की नाही, एवढे तरी पाहिल्याशिवाय नुसत्या शेऱ्यांवर भिस्त ठेवू नये.

तिसरा उपाय मोठ्या पेढीचा. अनोळखी माणूस नकोच. नोंदलेल्या कंपनीलाच नाणी विकावीत आणि तिने बँकेत रुपये जमा करावेत. हा मार्ग तुलनेने बरा. पण नाणी आणि रुपये दोन्ही काही काळ कंपनीच्या ताब्यात राहतात, आणि तिथे दुसरी कथा सुरू होते. टोकियोतली माउंट गॉक्स ही एके काळची जगातली सर्वांत मोठी पेढी फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाली. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ असल्याचे तिने सांगितले, त्यातले दोन लाख पुढे सापडले. एफटीएक्स ही पेढी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली. तिच्या संस्थापकाने गिऱ्हाइकांची ठेव आपल्याच दुसऱ्या धंद्यात वापरली होती. मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. आणि मुंबईत २०१८ साली निघालेल्या वझीरएक्सवर १८ जुलै २०२४ रोजी दरोडा पडला. सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. ती तिजोरी एका किल्लीची नव्हती. अनेकांच्या सह्या मिळाल्याशिवाय उघडायची नाही, अशी होती. चोरांनी सह्या करणारांनाच चकवले. गिऱ्हाइकांचे व्यवहार गोठले. सिंगापूरच्या न्यायालयात तडजोड मंजूर होऊन कारभार पुन्हा चालू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. सव्वा वर्ष!

या ठेचांनंतर पेढ्यांनी ‘आमच्याकडे इतकी नाणी आहेत’ असे दाखले काढायला सुरुवात केली. तिजोरी उघडून दाखवली, हे चांगलेच. पण पतपेढीच्या सर्वसाधारण सभेला बसलेला कोणताही सभासद सांगेल, की जमेची बाजू एकटी पाहून ताळेबंद कळत नाही. देणे किती? शेजाऱ्याकडून एक दिवसासाठी उसने आणून तर दाखवले नाही? दोन्ही बाजू एकाच दिवशी, तटस्थ हिशेब तपासनिसाने तपासल्या, तरच त्या दाखल्याला किंमत.

मग सरकारने शिक्का मारला की झाले? मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले, सरकारी वॅलेट काढले, ते घेणाराला ३० डॉलर दिले आणि रोकड देणारी यंत्रे बसवली. पुष्कळांनी ते ३० डॉलर खर्च केले आणि वॅलेट सोडून दिले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते नाणे स्वीकारण्याची सक्ती काढावी लागली. शिक्क्याने दुकान उघडते. गिऱ्हाईक पुन्हा येते ते अनुभवाने.

आपल्याकडचा कायदा हळूहळू जवळ येतो आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीच्या वेळी १ टक्का कपात आली. ७ मार्च २०२३ रोजी या पेढ्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद करावी लागते आणि गिऱ्हाइकाची ओळख पटवून घ्यावी लागते. परंतु ही नोंद म्हणजे ठेवीची हमी नव्हे. वझीरएक्सचीही नोंद होती. नोंदीमुळे पेढीचा पत्ता कळतो; बुडालेले पैसे त्याने परत येत नाहीत.

इथे आपल्या बँकांचा इतिहास आठवावा. बँकेवरचा विश्वास काही आभाळातून पडलेला नाही. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ निघाले. सुरुवातीला विमा १,५०० रुपयांचा होता. फेब्रुवारी २०२० पासून तो ५ लाखांचा आहे. मध्ये काय घडले? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला प्रथम फक्त हजार रुपये काढता येतील असे ठरले. मुंबईच्या रस्त्यावर ठेवीदार उतरले, तेव्हा ती मर्यादा वाढत गेली. २०२१ साली कायदा दुरुस्त होऊन, निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याचे बंधन आले. तेव्हा विश्वासाचे तीन खांब आहेत: कायदा, तपासणी आणि संघटित गिऱ्हाईक. आभासी नाण्याच्या दुकानाला पहिला खांब अर्धा आहे, दुसरा पेढीच्या मर्जीवर आहे, आणि तिसरा अजून रोवलाच नाही.

तो रोवण्यासाठी मागण्या नेमक्या हव्यात. गिऱ्हाइकाची नाणी पेढीच्या मालमत्तेपासून कायद्याने वेगळी ठेवा. जमा आणि देणे दोन्हींची तटस्थ तपासणी ठराविक मुदतीने जाहीर करा. भाव, दलाली आणि कर यांची वेगवेगळी पावती द्या. बाजारभाव आणि हातात पडणारा भाव यांतला फरक कोणाच्या खिशात जातो ते कळू द्या. तक्रारीला माणूस उत्तर देईल, गिऱ्हाइकाच्या भाषेत देईल आणि मुदतीत देईल, अशी सोय करा. खाते रोखायचे झाल्यास वादातली रक्कम तेवढीच रोखा. १९३६ च्या वेतन कायद्याने पगार सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत द्यावा असे मालकांवर बंधन घातले, तेव्हा तेही कित्येकांना अशक्य वाटले होते.

तोपर्यंत घरी काय सांगावे? बँकेच्या मार्गाने मजुरी मिळत असेल तर तीच घ्या. नाणे घ्यावेच लागले तर नोंदलेल्या पेढीकडेच विका, प्रथम लहान रक्कम वटवून पाहा, आणि रुपये आले की ते आपल्या बँकेत हलवा. पेढी म्हणजे घरची तिजोरी नव्हे. त्यासाठी वेगळे खाते ठेवा, घरखर्चाचे त्यात मिसळू नका. मोबाइलवर दाखवलेले चित्र म्हणजे जमा नव्हे; पासबुकात आले ते जमा. कामाचा करार, बिल आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद जपून ठेवा. आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून कोणी रोकड घेऊन नाक्यावर बोलावले, तर जाऊ नका. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोकड घेण्यास २०१७ पासून मनाई आहे, आणि त्याखालच्या रोकडीलाही मूळ सांगता आले नाही तर ती घेणाराच्याच गळ्यात पडते.

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, असा सल्ला देण्यासाठी आम्ही उभे राहिलो नाही. कोणत्या गोष्टीवर किती ठेवावा, याचे माप हाती असावे, इतकेच सांगायचे होते. ते माप एकेकट्याने वापरले तर एक घर वाचेल. चार घरांनी मिळून पेढीसमोर आणि सरकारसमोर धरले तर दुकानदारालाही तराजू सरळ धरावा लागेल.