नीरा डावा कालवा

नीरा डावा कालवा हा महाराष्ट्रातील पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागास पाणी पुरवणारा सिंचन कालवा आहे. नीरा नदीच्या डाव्या, म्हणजे उत्तर तीरावरून जाणारा हा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी सुमारे १६० किलोमीटर असून पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतील जमीन त्याच्या लाभक्षेत्रात येते. दुष्काळापासून पिकांचे रक्षण करण्यासाठी काढलेला हा कालवा पुढे ऊसशेतीचा आधार बनला. त्यामुळे पाणीवाटपाचा प्रश्न त्याच्या इतिहासात कायम महत्त्वाचा राहिला आहे.

पार्श्वभूमी

नीरा नदी भोर तालुक्यात सह्याद्रीच्या रांगांत उगम पावते आणि नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. उगमाकडील भागात मुसळधार पाऊस पडतो. मात्र बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत असल्याने तेथील सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर असून तोही बेभरवशाचा असतो. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर या भागातील सिंचनाच्या कामांना चालना मिळाली. पश्चिमेचे पावसाळी पाणी साठवून पूर्वेच्या अवर्षणग्रस्त जमिनीपर्यंत पोहोचवणे, हा कालव्याचा मूळ हेतू होता.

रचना

नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर भाटघर येथे धरण बांधून पाणी साठवण्यात आले. जुन्या धरणाच्या जागी बांधलेले मोठे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. भाटघरहून सोडलेले पाणी नदीपात्रातून वीरपर्यंत येते व तेथून कालव्यात वळवले जाते. वीर येथे पुढे १९६० च्या दशकात धरणही झाले. नीरेच्या दक्षिण तीरावरील उजवा कालवा फलटण व माळशिरस भागांना पाणी देतो.

कालव्यातील पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. त्यासाठी कालवा समपातळी रेषेला धरून, अगदी मंद उतार ठेवून काढलेला असतो. उतार अधिक झाल्यास पाणी तळ व काठ खरवडते. कमी झाल्यास गाळ साचून वहनक्षमता घटते. पाणी उताराकडेच जात असल्यामुळे कालवा आणि नदी यांच्यामधील जमिनीलाच ते सहज मिळते. कालव्याच्या वरच्या अंगाची जमीन उपसा सिंचनाविना कोरडीच राहते. वाटेतील ओढे ओलांडण्यासाठी जलसेतू व मोऱ्या बांधलेल्या असतात. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चाऱ्या आणि चारीवरील दारातून शेतचारी, अशा टप्प्यांनी पाणी शेतापर्यंत जाते.

पाणीवाटप

कालवा वर्षभर अखंड वाहत नाही. ठरावीक अंतराने सोडलेल्या पाण्याच्या प्रत्येक पाळीस आवर्तन म्हणतात. धरणातील साठा पाहून कालवा सल्लागार समिती आवर्तनांचा कार्यक्रम ठरवते. सिंचनासाठी वर्षाचे खरीप (१ जुलै ते १४ ऑक्टोबर), रब्बी (१५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर) आणि उन्हाळी (१ मार्च ते ३० जून) असे तीन हंगाम मानले जातात. शेतकरी पाण्याची मागणी नोंदवतात व मंजूर क्षेत्रानुसार पाणीपट्टी भरतात. चारीवरील शेतकऱ्यांना क्रमाने पाळी देण्याच्या पद्धतीस शेजपाळी म्हणतात.

चारीच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचवणे हे वाटपातील सर्वांत अवघड काम होय. वाटेत बाष्पीभवन व पाझर यांमुळे पाणी घटते आणि मुखाजवळचे शेतकरी जादा पाणी घेतल्यास टोकाकडील पीक वाळते. म्हणून टोकापासून मुखाकडे पाणी देण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली. त्यानुसार संस्थेने मिळालेल्या कोट्याचे वाटप सभासदांत करावयाचे असते.

शेतीवरील परिणाम

आरंभी चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरी पिकवणारे शेतकरी कालव्याचे पाणी फारसे घेत नसत. दुष्काळी वर्षी मात्र सर्वांची मागणी एकदम वाढे. उसाला बारमाही पाणी लागत असल्याने त्याच्या लागवडीमुळे कालव्याला नियमित उत्पन्न मिळू लागले. सासवड परिसरातील माळी शेतकऱ्यांनी येथे बागायती ऊसशेती वाढवली. १९३० च्या दशकात वालचंदनगर येथे साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात सोमेश्वरनगर, माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. कालव्याच्या पाझरामुळे लाभक्षेत्रातील विहिरींनाही पाणी वाढले आणि दोन आवर्तनांच्या दरम्यान पीक जगवणे शक्य झाले.

मात्र एक एकर उसासाठी लागणाऱ्या पाण्यात ज्वारीचे कितीतरी अधिक क्षेत्र भिजू शकते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत सुचवली. तीत जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटाच्या ठरावीक हिश्श्यातच ऊस घ्यावयाचा व उरलेल्या जमिनीत कमी पाण्याची पिके फेरपालटाने घ्यावयाची, अशी योजना होती. थोड्या जणांना भरपूर पाणी द्यावे की पुष्कळांना थोडे, हा वाद त्यानंतरही चालू राहिला.

पाणथळ व खारवट जमिनी

काळ्या, चिकण जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. अतिसिंचन व पाझर यांमुळे भूजलपातळी मुळांपर्यंत वर येते. पाण्याची वाफ होताना त्यातील क्षार पृष्ठभागाजवळ साचतात आणि जमीन खारवट किंवा चोपण बनते. नीरा खोऱ्यात हा परिणाम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच ठळकपणे दिसू लागला. मुंबई सरकारने १९१६ मध्ये सिंचनविषयक संशोधनासाठी पुण्यात एक विशेष विभाग स्थापन केला. आजचे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच विकसित झाले. अशा जमिनी सुधारण्यासाठी निचऱ्याचे चर खोदणे, पाण्याच्या पाळ्या कमी करणे, सेंद्रिय खते व हिरवळीची पिके घेणे आणि चोपण जमिनीत जिप्सम वापरणे, हे उपाय केले जातात. पाणी आणण्याइतकीच जादा पाणी बाहेर काढण्याची सोयही कालवा सिंचनात आवश्यक असते, हे या कालव्याच्या अनुभवातून स्पष्ट झाले.